फाटकावर उतरवलेलं जू

त्या वर्षी जुलै महिना धुक्यातच गेला. सकाळी समुद्रावरून धुकं उठायचं, खाडीवरून वर सरकायचं आणि दुपार कलेपर्यंत कुरणावर ठाण मांडून बसायचं. कापलेलं गवत उन्हाची वाट बघत जमिनीवर पडून होतं. ॲन्सेल हर्टल सकाळी उठला की आधी कुरणात जायचा आणि गवतात हात घालून बघायचा. वरून कोरडं लागायचं. आत बोटं शिरली की कोमट, ओलसर. मुठीत पिळलं की कुजकट गोड वास यायचा.

"आजपण नाही," तो घरात येऊन सांगायचा.

"मग उद्या," समोरच्या खोलीतून त्याची बायको वर्ना म्हणायची.

वर्नाचा पलंग वसंतातच माडीवरून खाली आणला होता. रोग हाडांत उतरला होता आणि जिना चढणं संपलं होतं. पानगळ बघतील, त्यापुढचं काही सांगता येत नाही, असं शहरातल्या, हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्नानं ते ऐकून घेतलं आणि पलंग खिडकीशी लावायला सांगितला. तिथून गोठ्याचं अर्धं दार दिसायचं. त्या दारावरून लायन आणि ब्राइट माना बाहेर काढून उभे असायचे.

तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची ती जोडी वर्नानं वाढवली होती. दोन्ही खोंड आईवेगळे आणले तेव्हा दुधाच्या बादलीत बोटं बुडवून तिनं त्यांना प्यायला शिकवलं. थोडे मोठे झाल्यावर ॲन्सेलनं कोरलेलं छोटं जू शिंगांना बांधून ती त्यांना रस्त्यानं फिरवायची. हातात काठी, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. शेजारचा बर्टन मॉसमन गाडी थांबवून विचारायचा, "वर्ना, कुत्री फिरवतेस का?"

"तुझ्या बैलांपेक्षा माझी कुत्रीसुद्धा जास्त ओढतील," ती म्हणायची.

आमच्या भागात बैल शेतात फारसे जुंपत नाहीत आता. जंगलातून ओंडके ओढायला कोणी कोणी नेतं, पण बैल ठेवायचे ते प्रदर्शनासाठी. सिमेंटचे ठोकळे रचलेली बिनचाकी घसरगाडी रिंगणात ठेवतात. जोडी मान खाली घालते, कपाळानं जोर लावते आणि गाडी हलली की कठड्याला लोंबकळणारं सगळं गाव ओरडतं. वर्ना लहानपणापासून त्या कठड्याला उभी राहिलेली. पण स्वतःच्या हातची जोडी रिंगणात उतरली त्या वर्षी ती हॅलिफॅक्सच्या इस्पितळात पडून होती. ॲन्सेलनं फोनवर सांगितलं, "ओढलं गं. छान ओढलं." तिनं विचारलं, "लोक काय म्हणाले?" ॲन्सेलला ते नीट सांगता आलं नाही. त्याला बोलणं कधी जमलंच नव्हतं.

म्हणून या वर्षी ती जाणार होती. चाकांच्या खुर्चीत बसून, गोधडी पांघरून, कसंही.

धुक्यामुळं बैल गोठ्यातच होते. भिंतींना ओल आली होती, अंथरलेला भुसा वाळत नव्हता. एका सकाळी ॲन्सेल लायनला खरारा करत होता. कपाळावरून ब्रश फिरवताना हाताला काहीतरी खरबरीत लागलं. त्यानं लायनचं तोंड दाराच्या उजेडात ओढलं. शिंगांच्या खाली, भोवऱ्याच्या जरा बाजूला, राख फासल्यासारखी गोल चकती. केस तुटलेले. नखानं खरवडलं तर कोंडा पडला.

नायटा. लहान पोरालाही कळेल असा.

तो काही वेळ बैलाचं शिंग धरून नुसता उभा राहिला. लायननं त्याच्या खिशात नाक घातलं.

ॲन्सेलला धक्का बसावा याला कारण होतं. दोन वर्षांमागं प्रदर्शनात कुणाच्या तरी वासरांबरोबर नायटा आला होता आणि तिथून कितीतरी गोठ्यांत गेला होता. जनावरांना झाला, जनावरांच्या गळ्यात पडणाऱ्या पोरांना झाला. एका बाईच्या धाकट्या मुलीच्या डोक्यावरचे केस गेले. मग चर्चच्या हॉलमध्ये बैठक भरली. अंगावर नायटा, चामखिळी, डोळे आलेले, खूर सडलेलं, असं जनावर फाटकातूनच परत पाठवायचं असं ठरलं. सगळ्यांत मोठ्यानं बोलला तो ॲन्सेल. एरवी न बोलणारा माणूस उभा राहून म्हणाला, "बर्टनचे बैल असोत की माझे. डाग दिसला की घरी. नियमाला नातं नसतं."

आणि पुढच्याच वर्षी फाटकावर जनावरं तपासायला तो उभा असताना बर्टनच्या बैलाच्या मानेवर डाग निघाला. बर्टन म्हणाला, "सुकलंय रे, ॲन्सेल. खपली धरलीय." ॲन्सेल म्हणाला, "गाडी वळव." मागं रांग लागलेली, भोंगे वाजत होते, आणि बर्टन तेवढ्याशा जागेत पुढं-मागं करत गाडी वळवत होता. त्याची बायको ईथेल शेजारी बसून मांडीकडं बघत होती.

ॲन्सेलनं गोठ्यातली आयोडीनची बाटली काढली. ते लावलं तर पांढऱ्या तोंडावर तपकिरी डाग उठून दिसला, आधीपेक्षा जास्त. त्यानं तो साबणानं धुतला. दुसरं मलम लावलं. मग घरात जाऊन तो वर्नापाशी बसला, कधी नव्हे ते दार लावून. दोघं काय बोलली ते त्यांच्या मुलीला, रॉन्डाला, कळलं नाही. ती तेव्हा गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात कामावर होती.

रॉन्डा चाळिशीची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली, आणि परत आली ती घरच्या कामात बुडूनच गेलेली. सकाळी आईचं अंग पुसायचं, औषधं द्यायची, कोंबड्यांना दाणे टाकायचे, मग दवाखाना. तिथं डॉक्टर केडींच्या हाताखाली ती जनावरं धरायची, जखमा धुवायची. संध्याकाळी येऊन पुन्हा आई. या वर्षी ॲन्सेलनं "वर्नाला सोडून मला जमायचं नाही" म्हणत फाटकाचं काम सोडलं, तेव्हा समितीनं ते डॉक्टर केडींना आणि रॉन्डाला दिलं.

"हर्टलांच्या घरातलं काम हर्टलांकडंच," कोणीतरी म्हणालं होतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या दिवसांत ॲन्सेल जोडीला रोज जू बांधून रस्त्यानं नेऊन आणायचा. आमच्याकडचं जू मानेवर नसतं. ते शिंगांच्या मागं बसतं आणि लांब चामडी वाद्यांनी शिंगांना गुंडाळून बांधतात. वाद्या कपाळाला काचू नयेत म्हणून पुढं गादी. लायन-ब्राइटच्या गाद्या वर्नानं केलेल्या. काळं चामडं, त्यावर पितळी खिळ्यांनी काढलेली बदामाची नक्षी. फेरी मारून आल्यावरही ॲन्सेल लायनची गादी लगेच सोडत नसे. रॉन्डा गोठ्यात डोकावली की बैल गादीसकट उभा.

"अजून सोडलं नाहीस?"

"सवय व्हायला हवी त्याला. मैदानात ताटकळावं लागतं."

एका संध्याकाळी जेवायला नव्या शेंगा आणि कोवळे बटाटे दुधात शिजवलेले होते. रॉन्डानं आईला चमच्यानं भरवता भरवता बापाकडं पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता. जाड कापडाचा सदरा, मनगटापर्यंत बाह्या, गुंड्या लावलेल्या.

"बाबा, उकडत नाही का रे तुला?"

"डास चावतात."

"धुक्यात कसले डास?"

"चावतात म्हणतोय ना."

वर्ना म्हणाली, "चावू दे त्याला. मला अजून थोडं मीठ घाल."

मग तिनं विचारलं, "बर्टन येणारे का यंदा?"

"नाव दिलंय त्यानं," रॉन्डा म्हणाली. "डॉक्टर परवा त्याच्याकडं जाऊन आले. बैल आरशासारखे आहेत म्हणाले."

"ॲन्सेलला घाबरून घासले असतील," वर्ना म्हणाली. ती हसली. ॲन्सेल ताटली उचलून उठला आणि ती स्वतःच धुवायला गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी धुकं लवकर फाटलं. ईथेल मॉसमन सकाळीच मोठी गाडी घेऊन आली. तिनं आणि रॉन्डानं मिळून वर्नाला उचलून आत बसवलं. वर्नानं ओठांना लाली लावली होती. अंगावर निळा कोट होता, उन्हाळ्यातसुद्धा. रिंगणाच्या कठड्याला लागून, मेपलच्या सावलीत तिची खुर्ची ठेवली. येणाराजाणारा थांबून बोलायचा. "वर्ना! आज तुझी कुत्री ओढणार का?" ती म्हणायची, "बघाच."

रॉन्डा फाटकावर होती. पांढरा डगला, रबरी हातमोजे. मेंढ्यांची रांग डॉक्टर केडींकडं, गुरांची तिच्याकडं. गाडीचं मागचं दार उघडायचं, जनावर उतरवायचं, कानामागं, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी हात फिरवायचा, डोळे बघायचे, खूर बघायचे. एका पोरीच्या कालवडीच्या ओठावर चामखिळी निघाल्या. रॉन्डानं तिला परत पाठवलं. पोरगी रडली. रॉन्डाचा चेहरा ताठ राहिला, पण पुढच्या जनावराला हात लावण्याआधी तिनं हातमोजे बदलायला जरा जास्तच वेळ घेतला.

मग घंटा ऐकू आल्या. बाकीचे बैल गाड्यांतून यायचे, ॲन्सेल जोडी चालवत आणायचा. घर जवळच होतं आणि त्याचा बापही तशीच आणायचा. वळणावरून लायन आणि ब्राइट दिसले. शिंगांवर पितळी टोप्या, कपाळावर काळ्या गाद्या, गळ्यात घंटा. रांगेतली माणसं गाड्यांतून डोकी काढून बघायला लागली.

"जा रे ॲन्सेल पुढं," कोणीतरी ओरडलं. "तुझं घरचंच फाटक!"

तो पुढं गेला नाही. रांगेत उभा राहिला. त्याच्या मागंच बर्टनची गाडी आली.

पाळी आली तेव्हा रॉन्डानं आधी ब्राइटला बघितलं. स्वच्छ. मग लायन. कान, मान, गळ्याखालची पोळी, पाठ, शेपूट. स्वच्छ. बैल तिला ओळखत होते. लायननं तिच्या डगल्याला जीभ लावली. तिनं त्याच्या नाकावर चापट मारली.

"झालं," ती म्हणाली. "जा, आई वाट बघतेय."

ॲन्सेलनं काठी उचलली. वर झालेल्या हाताची बाही मागं सरकली. मनगटाच्या आतल्या बाजूला लाल कडा असलेलं गोल वर्तुळ होतं. मध्ये फिकट. दवाखान्यात तिनं शेतकऱ्यांच्या हातांवर ते कितीदा पाहिलं होतं.

ती त्या हाताकडं बघत राहिली. ॲन्सेलनं बाही खाली ओढली. पण तोवर त्यालाही कळलं होतं, आणि तिलाही.

"जू उतरवा," ती म्हणाली.

"काय?"

"जू उतरवा, मिस्टर हर्टल. कपाळ बघायचंय."

जन्मात पहिल्यांदा तिनं बापाला असं परक्यासारखं म्हटलं होतं. मागच्या गाडीत बर्टननं इंजिन बंद केलं.

ॲन्सेल एक पाऊल जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "रॉन्डा, आई आत बसलीय."

"माहितेय."

"सुकलंय. खपली धरलीय. मी कुणाच्या जवळ बांधत नाही त्याला. ओढलं की लगेच घरी नेतो."

"बाबा, लोक बघतायत."

"म्हणूनच सांगतोय."

तिनं गादीकडं बोट केलं. ॲन्सेलनं काठी बगलेत धरली आणि वाद्यांना हात घातला. त्या वाद्या लांब असतात. शिंगाभोवती वेढे, मग जुवाच्या खाचेतून, पुन्हा वेढे. घाईनं सुटत नाहीत. त्याची बोटं जाडी, सांध्यांना सुजलेली. एक गाठ सुटेना तेव्हा त्यानं दातानं ओढली. मागं दूरवर कोणीतरी भोंगा वाजवला. बैल शांत उभे होते, त्यांना वाटलं काम संपलं. जू उतरलं, मग गादी. गादीच्या आतल्या बाजूला घामानं भिजलेले पांढरे केस चिकटून आले. कपाळावर ती चकती, आता हातभर लांबूनही दिसेल एवढी. चामड्यानं घासून एक कड सोलवटली होती.

रॉन्डानं डॉक्टर केडींना हाक मारली. ते आले, वाकून पाहिलं, चष्मा वर केला, खाली केला.

"नायटाच आहे," ते म्हणाले. "सुकत आलाय. पण आहे." मग तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "रांग तुझी आहे, रॉन्डा." आणि ते पुन्हा मेंढ्यांकडं गेले.

हे ते का म्हणाले, देव जाणे. तिला मोकळं करायचं होतं की स्वतःला, कोण सांगणार. पण त्यानंतर जे काही होणार होतं ते तिच्या एकटीच्या तोंडून होणार होतं. तिनं लायनच्या कपाळाकडं पाहिलं. मग रिंगणाकडं पाहिलं. फाटकावरून मेपलचा शेंडा दिसत होता, खालची खुर्ची दिसत नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "उजवीकडून वळवा."

ॲन्सेलनं मान हलवली, जणू त्याला रस्ता सांगितला होता. बर्टन गाडीतून उतरला. त्याच्या हातात कामाचे जाड हातमोजे होते. तो ब्राइटच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"मी याला धरतो," तो म्हणाला. "तू त्याचं बांध."

"हात लावू नको. तुझ्या बैलांना लागेल."

"हातमोजे इथंच टाकून जाईन. धर ते टोक."

दोघांनी मिळून जू बांधलं. बर्टन मागच्या वर्षाचा एक शब्द बोलला नाही. हसला असता, टोमणा मारला असता, तर ॲन्सेलला सोपं गेलं असतं. काम झाल्यावर बर्टननं हातमोजे काढून कचऱ्याच्या पिंपात टाकले आणि फाटकाच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, सगळ्यांदेखत, सावकाश.

परत जाताना साऱ्या रांगेच्या शेजारून जायचं होतं. घंटा वाजायला लागल्या. थोडं गेल्यावर ॲन्सेल थांबला, दोन्ही घंटांचे पट्टे सोडले आणि स्वतःच्या खांद्यावर टाकले. तरी पावलागणिक त्या वाजतच होत्या. एका गाडीतल्या माणसानं त्याला बघून काच वर केली. चांगल्या मनानंच केली असेल.

रांग संपल्यावर रॉन्डा डगला काढून रिंगणाशी गेली. वर्ना कठड्याच्या खालच्या दांडीवर हात ठेवून बसली होती.

"घंटा ऐकल्या मी," वर्ना म्हणाली. "आल्या आणि गेल्या."

रॉन्डा खुर्चीशेजारी गवतात बसली.

"गादी उचललीस?" वर्नानं विचारलं.

रॉन्डानं मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं त्याला. तो नको म्हणत होता. रॉन्डाला तोंड कसं दाखवू म्हणत होता. मी म्हटलं, गादी बांधून जा. ती काही घरचं जू उतरवायला लावणार नाही." ती थांबली. बोलताना तिला धाप लागायची. "आणि लावलंच, तर आत कोण बसलंय हे तिला माहीत आहे."

"आई, ते त्याच्या हातावर आलंय. तोच हात तो तुला लावतो. तुझ्या अंगात आता काही लढायची ताकद आहे का?"

"माझ्या अंगाचं मला सांगतेस?"

"इथं पोरं बैलांच्या गळ्यात पडतात. त्या मुलीचे केस गेले तेव्हा तूच म्हणाली होतीस..."

"काय म्हणाले होते ते आठवतंय मला." वर्ना रिंगणाकडं बघत होती. "तू चुकलीस असं मी कुठं म्हणतेय? मला वाटलं होतं, एवढंच."

कर्ण्यातून बर्टनचं नाव पुकारलं गेलं. त्याची जोडी आत आली, गाडीला साखळीचा आकडा लागला, बर्टन एकदाच ओरडला. बैलांच्या मागच्या मांड्या थरथरल्या, खुरांखालची माती उडाली, आणि गाडी निघाली. सगळा कठडा ओरडला. वर्ना टाळ्या वाजवत होती. तिच्या हातांचा आवाज होत नव्हता.

"तूही वाजव," ती रॉन्डाला म्हणाली. "चांगलं ओढलंय त्यानं."

मग ऊन पडायला लागलं. नको तेव्हा, रोज. ॲन्सेल आणि रॉन्डानं मिळून गवत उलटलं, ओळी केल्या, गोठ्याच्या माळ्यावर चढवलं. बरंचसं काळं पडलं होतं आणि चावून बघितलं तर तोंडाला कडवट लागायचं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. "तिकडून धर." "सोड." "पाणी आहे का?" तिनं त्याच्या हाताला मलम आणून टेबलावर ठेवलं. त्यानं ते लावलं. त्यानंतर वर्नाला उठवताना तो हातमोजे घालायचा, आणि वर्ना म्हणायची, "काय रे, मी काय गाय आहे?"

गादी रॉन्डानं औषधाच्या पाण्यात बुडवून धुतली. चामडं कडक झालं आणि वाळल्यावर बदामाच्या मधोमध तडा गेला. ॲन्सेलनं ती उचलून पाहिली आणि खुंटीला अडकवली. नवी गादी त्यानं साधीच शिवली, खिळ्यांशिवाय.

सप्टेंबरात लायनच्या कपाळावर बारीक पांढरे केस आले. डॉक्टर केडी येऊन बघून गेले. "आता कुठंही न्या," ते म्हणाले. पण न्यायला कुठं काही उरलं नव्हतं. प्रदर्शनं संपली होती.

त्या रात्री जेवताना रॉन्डा म्हणाली, "खालच्या कुरणात घसरगाडी लावू या. आईला पायरीवर बसवू. तिथून दिसतं."

ॲन्सेल चावायचं थांबला. मग म्हणाला, "दगड आहेत बांधावर. ते रचतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं बांधावरचे दगड घसरगाडीवर रचले, रिंगणात असतं त्याहून जास्तच. शिंगांना पितळी टोप्या घातल्या, घंटा बांधल्या. स्वतः धुतलेला सदरा घातला. रॉन्डानं वर्नाला निळ्या कोटात गुंडाळून पायरीवर आणलं. वर्ना फारच हलकी झाली होती. हवा स्वच्छ होती. खाडी दिसत होती.

ॲन्सेलनं आकडा लावला. जोडीच्या पुढं उभा राहिला, काठी आडवी धरली आणि ओरडला. लायन आणि ब्राइटनं माना खाली घातल्या. एक क्षण काहीच हललं नाही. मग गवत फाटल्याचा आवाज आला आणि गाडी सरकली. सरकतच राहिली. ॲन्सेलनं थांबवलं नाही. कुरणाच्या अर्ध्यापर्यंत काळ्या मातीची पट्टी उमटली. तिथं तो थांबला आणि मागं वळून पायरीकडं पाहू लागला.

"ओढलं बघ," रॉन्डा म्हणाली. "बर्टनच्यापेक्षा जास्त ओझं आहे, आई."

"छान ओढलं," वर्ना म्हणाली. तिचे डोळे बैलांवर होते, तिथून ते कुरणाच्या कडेनं फिरले, कुंपणापर्यंत गेले, रस्त्यावर गेले. रस्ता मोकळा होता. "पण बघितलं कुणी?"

"आम्ही बघितलं ना."

"तुम्ही रोजच बघता," वर्ना म्हणाली.

ती रागावली नव्हती. तिनं आत घेऊन जायला सांगितलं, थंडी वाजत होती.

ॲन्सेलला हे रॉन्डानं गोठ्यात सांगितलं. तो वाद्या सोडत होता. ऐकून तो तसाच बर्टनकडं चालत गेला, बैलांना दाणापाणी न करता, आणि त्याला म्हणाला की रविवारी आमच्या कुरणात ये. सगळ्यांना सांग, बैल घेऊन या. बर्टन म्हणाला, "येतो." ईथेलनं दिवसभर फोन केले. पण शुक्रवारी वर्नाला खिडकीकडं वळणंही जमेना, आणि शनिवारी हॅलिफॅक्सला न्यावं लागलं. ईथेलनं पुन्हा सगळ्यांना फोन केले. तिथून वर्ना परत आली ती पेटीतूनच, पानं गळायच्या आत. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. इतकी माणसं एका जागी आम्ही प्रदर्शनाशिवाय पाहिली नव्हती.

वसंतात समितीचा फोन आला, फाटकाचं काम यंदा कोण करणार म्हणून. रॉन्डानं विचार करून सांगते म्हटलं. ॲन्सेल गोठ्यात लायनचे खूर तासत होता. ती दाराशी उभी राहिली.

"त्यांना काय सांगू?"

"हो म्हण. कुणीतरी बघायला पाहिजेच."

ती हलली नाही. तासणीचा आवाज चालू होता.

"बाबा, मी त्या दिवशी तुला आत सोडायला हवं होतं का?"

ॲन्सेलनं खूर खाली ठेवला. कंबर धरून उभा राहिला. खुराचे काप भुशात पडले होते ते त्यानं पायानं एकत्र केले.

"नाही," तो म्हणाला. तासणीवरचा काप झटकला. "पण सोडलं असतंस, तर मी कुणाला सांगितलं नसतं."

"माहितेय मला," रॉन्डा म्हणाली.

त्यानं दुसरा पाय उचलला. ती आत आली आणि लायनचं डोकं धरून उभी राहिली.